बुधवारच्या मावशींना, सगळ्यांसमोर थँक्यू

मावशी, प्रभूमध्ये सलाम.

समोर बसून थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही लगेच "चहा टाकू का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांना दिसेल असं. नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं तर पुढच्या बुधवारी माझी काही खैर नाही. पण नाशिकला शरणपूर रोडच्या आसपास ज्यांच्या घरी कधी ना कधी बुधवारची घरसभा, म्हणजे घरात भरणारी प्रार्थनासभा, झालीय त्यांना कळेलच कोणाबद्दल चाललंय ते.

बाकीच्यांसाठी सांगते. मावशी रिटायर्ड स्टाफ नर्स, आवाज वॉर्डात घुमेल असा, चष्मा दोरीला, बायबलच्या पानांत जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे खुणेला. घरसभेत गाणं, शास्त्रभाग, प्रार्थना हे सगळीकडे असतं तसंच, पण यांच्या सभेत शेवटी पाठांतर असतं आणि ते मुलांना नाही, मोठ्यांना. बायबलमधलं स्तोत्र 23 सगळ्यांनाच येतं म्हणून ते धरायचं नाही, 121 हवं, 46 हवं, 130 हवं. आणि कोणी म्हणालं की मोबाईलमध्ये बायबल आहे ना आता मावशी, तर उत्तर ठरलेलं, "आयसीयूत मोबाईल बाहेर ठेवायला लावतात."

दुसरी यांची सक्ती म्हणजे फाईल. प्रत्येक घरात एक फाईल, त्यात सगळ्यांचे ब्लड ग्रुप, चालू असलेल्या गोळ्यांची नावं, जुने रिपोर्ट, मेडिक्लेमचं कार्ड, बँकेत नॉमिनी कोण, आणि रात्री-बेरात्री कोणाला उठवायचं ते नंबर कागदावर पेनाने लिहिलेले. एकदा एका भाऊंनी विचारलं की मावशी हे प्रार्थनेच्या सभेत कशाला, विश्वास आहे ना आपला, तेव्हा तुम्ही बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाचा 41 वा अध्याय उघडायला लावला होता. योसेफाने मिसरच्या राजाला, फारोला, स्वप्नाचा अर्थ सांगितला, की सात वर्षं सुकाळ आणि मग सात वर्षं दुष्काळ, आणि तिथेच थांबला नाही, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरायची व्यवस्था पण सांगितली, आणि ते सांगताना तो काही कमी विश्वासू झाला नाही. भाऊ गप्प बसले आणि पुढच्या बुधवारी फाईल घेऊन आले.

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तो रविवारी रात्री जेवताना. घास तोंडातून खाली पडला, मी म्हटलं काय झालं, तर बोलायला गेले आणि नुसता आवाज निघाला, तोंड एका बाजूने उतरलेलं आणि उजवा हात ताटात वरणात तसाच पडलेला. मावशी, तुम्ही घरसभेत नाटक करून दाखवलं होतं ना, हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा, आणि यातलं काहीही गडबडलं की आधी घड्याळ बघा. मी घड्याळ बघितलं. मुलाने 108 लावला, मी फाईल उचलली. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो कधी सुरू झालं, आणि दुसरा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि दोन्हीचं उत्तर माझ्याकडे होतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन करावाच लागतो कारण रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं, हे मला तिथे कोणी समजावत बसावं लागलं नाही, मला माहीत होतं, आणि सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा हात थरथरत होता पण डोकं जागेवर होतं.

मग मात्र आयसीयूचं दार बंद झालं आणि मी बाहेर बाकड्यावर. आता इथे खरं सांगते. मी ख्रिस्ती घरात जन्मले, संडे स्कूल झालं, तरुण संघ झाला, सभेत प्रार्थना करायला सांगितली तर मी दहा मिनिटं न थांबता करू शकते. त्या बाकड्यावर "प्रभू" याच्यापुढे एक शब्द फुटेना. डोकं पांढरं पडलेलं. आणि मग कधी सुरू झालं कळलंही नाही, ओठांवर 121 चालू होतं, डोंगरांकडे डोळे, मदत येणार कुठून, आकाश आणि पृथ्वी ज्याने केली त्याच्याकडून, आणि तो राखणारा डुलकीसुद्धा घेत नाही. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आठच ओव्या आहेत त्या. जेरूसलेमला सणाला चढून जाणारे यात्रेकरू वाटेत म्हणायचे ते हे स्तोत्र, दिवसा उन्हाची भीती, रात्री चंद्राच्या बाधेची, पाय घसरायची, म्हणजे मुळात रस्त्यावरच्या माणसाचंच. पहाटे त्या कॉरिडॉरच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसायला लागला तेव्हाही तेच चालू होतं.

तुम्ही एकदा सांगितलं होतं की वधस्तंभावर प्रभूनेसुद्धा जुन्या स्तोत्रांतले शब्द वापरले. "माझ्या देवा, तू मला का सोडलंस" हे 22 व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, आणि शेवटी आत्मा बापाच्या हाती सोपवला ते 31 व्या स्तोत्रातलं. तेव्हा ऐकून मी मान डोलावली होती, बाकड्यावर बसल्यावर ते पोटात उतरलं. देवाच्या पुत्राने जर दुखण्याच्या टोकाला लहानपणापासून तोंडात असलेले शब्द वापरले तर माझ्याकडून त्या रात्री स्वतःचे शब्द निघाले नाहीत याचं मी कशाला वाईट वाटून घेऊ.

दुसऱ्या दिवशी माणसं यायला लागली. प्रेमाने येतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण काहींना कॉरिडॉरमध्येच प्रवचन द्यायचं असतं. एक जण म्हणाले यामागे देवाची काहीतरी योजना आहे, एका बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं की घरात काही कबूल करायचं राहिलंय का. मला रागसुद्धा येईना, एवढी दमले होते. तुम्ही मात्र थर्मास घेऊन आलात, शेजारी बसलात आणि काही म्हणजे काही बोलला नाहीत. तासाभराने म्हणालात, "चपाती खा, मग झोप, मी बसते दाराशी." बायबलमध्ये संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं, तोंड उघडल्यावर बिघडलं. आणि संदेष्टा एलिया रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं, आणि देवाचा मंद आवाज त्याने ऐकला तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. तुमच्या थर्मासबद्दल मी तेवढंच म्हणेन.

आता जे सांगायचं म्हणून मुख्य लिहायला बसले ते. ह्यांचा जीव वाचला, पण वाचा गेली. अफेजिया म्हणतात त्याला, डोक्याच्या डाव्या बाजूला बोलण्याचा भाग असतो तिथे मार बसला. सगळं कळायचं, डोळ्यांत दिसायचं की कळतंय, पण "पाणी" म्हणता येईना. पाण्याकडे बोट दाखवायचे आणि तोंडातून भलताच आवाज यायचा, मग चिडायचे, मग रडायचे. आयुष्यात ह्यांना रडताना बघितलेलं नव्हतं मी. वॉर्डात आणल्यावर एका संध्याकाळी तुम्ही आलात, कॉटच्या कडेला बसलात, ह्यांचा डावा हात धरलात आणि नेहमीच्या चालीत, नेहमीच्याच वेगाने सुरू केलंत, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". आणि दुसऱ्या की तिसऱ्या ओळीला ह्यांचे ओठ हलायला लागले. मग आवाज. अडखळत, थोडं घोगरं, पण शब्द, खरे शब्द, "रोजची भाकर" एकदम स्पष्ट. "आमेन" तर ह्यांनी आमच्या आधी म्हटलं. शेजारच्या कॉटवरच्या आजींनी हात जोडले.

मंडळीत लगेच चमत्कार म्हणून पसरलं ते. नंतर स्पीच थेरपिस्ट मॅडमनी समजावलं की असं होतं बऱ्याच पेशंटचं, स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही पण पाठ असलेली प्रार्थना, गाणं, एक ते दहा आकडे हे येतं, वर्षानुवर्षं म्हणून म्हणून ते वेगळ्या वाटेने साठलेलं असतं. आणि गाण्यावरूनच त्यांनी पुढे बोलणं सुरू करून घेतलं. काही जणांना ते ऐकून हिरमुसल्यासारखं झालं, मला उलट जास्त भारी वाटलं. ह्यांच्या आईने लहानपणी अंथरुणात म्हणून घेतलेली प्रार्थना एवढ्या मोडतोडीतसुद्धा शाबूत राहते, मेंदू असा केलाय देवाने, याच्यापेक्षा वेगळा चमत्कार मला नकोच.

तुमच्या भावाची पिंपळगावकडे द्राक्षबाग आहे, तिथे आपण सगळे गेलो होतो तेव्हा तुम्ही योहान 15 वाचलं होतं, मी द्राक्षवेल तुम्ही फांद्या. भाऊ मध्येच म्हणाले की ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड दिसतो म्हणून लोकांना वाटतं तेव्हा आला, पण तो ठरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, भर उन्हाळ्यात, नव्या काडीच्या डोळ्यात आतल्या आत, बाहेरून काहीच दिसत नसताना. तेव्हा पाणी-खत चुकलं तर ऑक्टोबरात कितीही फवारा, काडी वांझ. पाठांतराचंही तसंच. प्रवचन तुमचं होतं पण लक्षात भाऊंचं राहिलं, सॉरी मावशी.

आणि जेकब वेनराईटची गोष्ट, ती तर प्रत्येक नाशिककर ख्रिस्ती माणसाला माहीत पाहिजे आणि बहुतेकांना माहीत नाही. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं आपल्या शरणपूरला मिशनच्या आश्रमात शिकायची, त्यातला हा एक. पुढे तो आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत, चितांबोच्या गावात वारला, तिथे ना पाळक ना चर्च. सोबत्यांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं आणि दफनाची उपासना वाचली ती जेकबने, झाडावर नावही त्यानेच कोरलं. मग त्या लोकांनी देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणला आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा शरणपूरचा मुलगा होता. तुम्ही ही गोष्ट सांगून एवढंच विचारायच्या, "त्या जंगलात तू असतीस तर तुला काय म्हणता आलं असतं?" आणि पुढे पाठांतर सुरू.

एक गोष्ट अजून लिहिते कारण हल्ली संकटाची तयारी म्हटलं की ग्रुपवर शेवटच्या काळाचे फॉरवर्ड सुरू होतात, अमुक युद्ध म्हणजे प्रकटीकरणातला तमुक शिक्का, अमक्या साली येणार. प्रभूने स्वच्छ सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका कोणाला ठाऊक नाही, मत्तय 24, तरी लोक कॅलेंडर घेऊन बसलेत. तुमच्याकडे ते कधीच नव्हतं. दानीएलाचं सांगायच्या, की राजाशिवाय कोणाकडे काही मागायचं नाही असा हुकूम निघाल्याचं कळल्यावर तो घरी गेला आणि खिडकी उघडून दिवसातून तीनदा प्रार्थना केली, आधी करायचा तशीच. त्याने वेगळं काही सुरू केलं नाही.

आणि तक्रार करायलाही तुम्हीच शिकवलंत. घरी आल्यानंतरचे महिने हॉस्पिटलपेक्षा वाईट गेले, येणारी माणसं थांबली, ह्यांची नोकरी लोंबकळत, फिजिओचा खर्च, आणि मला उपासनेत बसून काहीच वाटायचं नाही, गाणी नुसती चालायची. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही 88 वं स्तोत्र दिलंत पाठ करायला. ते अंधारातच संपतं, शेवटी एकही गोड ओळ नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. त्याने मला जेवढा धीर दिला तेवढा "सगळं चांगलं होईल" वाल्या कुठल्याच मेसेजने दिला नाही.

आता ह्यांची तब्येत बरी आहे. उजव्या हाताला अजून ग्रिप कमी, काठी घेऊन कॉलेज रोडपर्यंत जाऊन येतात, बोलणं हळू पण बोलतात, आणि भाजीवाल्याशी घासाघीस परत सुरू झालीय त्यामुळे आमच्याकडे आनंद आहे. 130 वं स्तोत्र सध्या ह्यांचं चालू आहे, तिसऱ्या ओवीला अडतात.

या बुधवारी घरसभा आमच्याकडे ठेवायची असं ह्यांनीच ठरवलंय, शास्त्रभाग पण तेच वाचणार म्हणतात, कितीही वेळ लागला तरी मध्ये कोणी शब्द पुरवायचा नाही अशी अट आहे. तुम्ही रिक्षाने येऊ नका, मुलगा सातला गाडी घेऊन येईल. आणि फाईल तपासायला मागाल म्हणून सांगते, नवीन रिपोर्ट लावलेत, गोळ्यांची यादी बदललीय, आणि मेडिक्लेम रिन्यू केलाय.

तुमची,
बुधवारवाली