द्विभाषिकतेचा भार कोणावर?

महोदय,

द्विभाषिक समाज म्हणजे दोन भाषा जाणणाऱ्या व्यक्तींची निव्वळ बेरीज नव्हे. भाषा आणि समाज यांच्या संबंधांचे अभ्यासक जोशुआ फिशमन यांनी १९६७ मध्ये व्यक्तीचे भाषाकौशल्य आणि समाजाने भाषांची केलेली कार्यविभागणी यांत केलेला भेद आजही उपयोगी आहे; कारण घर व बाजार एका भाषेकडे आणि न्यायालय व उच्च शिक्षण दुसरीकडे अशी वाटणी झाली, की पहिल्या भाषेच्या भाषकांनाच द्विभाषिक होणे भाग पडते. (दुसरीच्या भाषकांना तशी गरज क्वचितच भासते.) कॅनडाच्या १९६९ च्या राजभाषा कायद्याने हा भार नागरिकांऐवजी संघीय संस्थांवर टाकला. धोरणकर्त्यांनी शाळांतील भाषाविषय वाढवण्यापूर्वी कार्यालयांनी कोणकोणत्या भाषांत उत्तर द्यावे, हे निश्चित करावे.

– एक वाचक