ळ गिरवणाऱ्या बाबूजींना

प्रिय बाबूजी,
सादर नमस्कार.

तुम्ही म्हणाला होतात की नाव कुठं टाकू नका, उद्या चाळीस लोक कुणी आजीचं, कुणी आजोबांचं रजिस्टर काढा म्हणत दारात उभे राहतील आणि मोठ्या मॅडम ओरडतील. म्हणून तुमचं नाव टाकत नाही, शाळेचं पण टाकत नाही. इंदूरच्या राजवाड्याकडून चालत पंधरा-वीस मिनिटं एवढंच लिहिते, ज्याला कळायचं त्याला कळेल. आणि पत्र मराठीत आहे हे चालवून घ्या, तुमच्याकडच्या संस्कृतच्या मॅडम मराठी आहेत त्या वाचून दाखवतील. आईचाच हट्ट, म्हणाली ज्या अक्षरासाठी आभार मानायचेत ते अक्षर हिंदीवाल्यांच्या वर्णमालेत शिकवतच नाहीत, मग पत्र हिंदीत कसं लिहिणार.

आधी बातमी. काम झालं. वाढीव पेन्शन आली, मागची थकबाकीसुद्धा आली, आणि आईनं आठवड्याभरात तीनदा पासबुकात एंट्री मारून आणली, उगाचच, आकडा बघायला.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबा राज्य सरकारच्या नोकरीत होते, ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन लागली. वयाची 80 वर्षं पूर्ण झाली की ती 20 टक्क्यांनी वाढते. पण पेन्शनच्या कागदावर आईची जन्मतारीखच नाही, त्या काळी बायकोच्या जन्मतारखेशी कुणाला काय देणंघेणं होतं. नाव आहे ते सासरचं. माहेरचं नाव वेगळं, आडनाव अर्थातच वेगळं. आमच्यात लग्नात नवऱ्या मुलीचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून बदलतात, आता तांदळात लिहिलेल्या नावाचं काय सर्टिफिकेट असतं सांगा.

पावणेदोन वर्षं चकरा मारल्या. एका ठिकाणी साहेब म्हणाले, अम्मा सामने बैठी हैं तो जिंदा हैं ये मान लेते हैं, पर पैदा कब हुईं इसका प्रूफ लाओ. आणि हसले, आजूबाजूचे पण हसले. आई पण हसली, ते मला जास्त लागलं. दुसरीकडे सर्व्हर डाऊन, तो सर्व्हर मी म्हणते एकदाचा जाळून तरी टाका. तिसरीकडे एक जण हळूच बाहेर येऊन म्हणाला की सेटिंग करून देतो. आणि बाबूजी, वाईट वाटून घेऊ नका पण तुमच्याच खुर्चीवर तुमच्या आधी जे बसायचे त्यांनी पान चघळत सांगितलं होतं की होलकर टाईमचं रेकॉर्ड उंदरांनी खाल्लं. उंदरांनी खाल्लं हे बघायला तरी खुर्चीतून उठायचं ना! उठले नाहीत. आम्ही मुकाट्यानं घरी आलो.

म्हणून मे महिन्यात आईच्या जुन्या शाळेच्या ऑफिसात, तुमच्याकडे, तिच्या जन्मतारखेचा दाखला मागायला आलो तेव्हा काही आशा नव्हती. शाळेला सुट्टी, तुमच्या टेबलावर मतदार याद्यांचा ढीग, वर पंखा किरकिर करतोय. तुम्ही आईला पंख्याखालची खुर्ची दिलीत, ऐकून घेतलंत आणि म्हणालात मंगळवारपर्यंत बघतो. मंगळवार म्हटल्यावर मी मनात हात जोडले, कारण आमच्या आयुष्यात तोवर किमान पंधरा मंगळवार होऊन गेले होते. आणि सोमवारी दुपारी तुमचा फोन. सरकारी माणसाचा स्वतःहून फोन! आईला वाटलं कुणीतरी ओटीपी मागतोय, तिनं ठेवूनच दिला. तुम्ही परत केलात.

ते रजिस्टर मी विसरणार नाही. जाड पुठ्ठा, पाठीवर कापड चिकटवलेलं, तुम्ही गमछानं पुसलंत तरी बोटं काळी झाली. आणि पहिल्या पानावर छापलेलं होळकर सरकार, ते लाल शाईनं खोडून वर शिक्का मध्यभारत, आणि काही पानांनंतर तो पण खोडून मध्यप्रदेश. आई सहावीत दाखल झाली जुलै 1956 मध्ये, तेव्हा आपण मध्यभारतात होतो, 1 नोव्हेंबरला मध्यप्रदेश झालं. म्हणजे सहामाही व्हायच्या आत राज्य बदललं आणि बाक तोच. आईला विचारलं तेव्हा काय वाटलं गं, तर म्हणाली काही नाही, राजधानी भोपाळला गेली म्हणून मोठी माणसं चिडली होती आणि आम्हाला पेढे मिळाले होते.

तुम्ही तिचं नाव शोधत होतात तोवर मी पुढची-मागची पानं चाळत बसले. कुणी म्हणेल काय त्यात, पण मला तर कादंबरीसारखं वाटलं. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात आधी सगळे राजवाड्यातले कारकून, वकील, पुजारी, मग हळूहळू मिल, मिल, मिल. मालवा मिल, राजकुमार मिल, हुकुमचंद मिल. गिरणी कामगारांच्या मुली शाळेत यायला लागल्या हे त्या एका रकान्यात दिसतं. आणि शाळा सोडण्याच्या कारणात आईच्या काळी एकाखाली एक विवाह, विवाह, विवाह, मध्येच कुठंतरी उत्तीर्ण. आईच्या पुढं उत्तीर्ण आहे. तिच्या दोन्ही मैत्रिणींच्या पुढं विवाह आहे. आई त्या ओळींवर बोट ठेवून बराच वेळ बसली होती, तुम्ही बघितलंत, काही बोलला नाहीत, फक्त पान उलटायचा हात थांबवलात.

मग मिल बंद पडल्या. हुकुमचंद मिल 1991 ला बंद झाली, मजुरांच्या देण्याचा निकाल लागून पैसे वाटायला 2023 चा डिसेंबर उजाडला, 32 वर्षं, त्यापुढं आमच्या पावणेदोन वर्षांची काय कथा. तुम्ही सांगितलंत की नव्या रजिस्टरात वडिलांच्या रकान्यात आता ड्रायव्हर, मजूर, भाजीवाला, आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं आईचं नाव. गावं पण बदलली, खरगोन, झाबुआ, बडवानीकडची मुलं. मराठी घरातलं एकही नाही. आम्हीच नाही का काढून घेतली आमची पोरं, मी स्वतः माझ्या मुलाला इंग्लिश मीडियमला घातला आणि सरकारी शाळेचं काही खरं नाही म्हणत फिरले, आणि प्रूफ हवं झालं तेव्हा त्याच शाळेच्या दारात आले. हे लिहायला लाज वाटते पण लिहिते.

आईच्या वेळी खालचे वर्ग मराठीतून, वरचे हिंदीतून असं काहीसं होतं, ती सांगते की नववीत भूमितीचे सगळे शब्द नव्यानं पाठ करावे लागले. नंतर मराठी वर्ग गेले. कुणी मोर्चाबिर्चा काढून घालवले नाहीत. गांधीजी 1918 मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदूरला आले, 1935 मध्ये परत आले, वारं त्या दिशेचंच होतं, आणि आमच्या लोकांनाही नोकरीसाठी हिंदीच लागायची. मराठी वर्गाच्या खोल्यांमध्ये पुढं प्रयोगशाळा आली, मागच्या पत्र्याच्या शेडच्या जागी दुमजली इमारत आली. जिथं विहीर होती, जिच्यावरून आई आणि मैत्रिणी आळीपाळीनं वर्गाचा माठ भरायच्या, तिथं आता पाण्याची टाकी आहे. नर्मदेचं पाणी इंदूरला 1978 मध्ये आलं, त्याच्या आधी उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की शाळा सकाळची व्हायची म्हणे. तुम्ही आम्हाला वर नेऊन स्मार्ट क्लासचा पडदा पण दाखवलात, आणि बारावीत 75 टक्क्यांवर गेलेल्या मुलींना लॅपटॉपचे 25,000 मिळाले त्यांचे फोटो. ते दाखवताना तुम्ही जसे सांगत होतात ना, हिचे वडील रिक्षा चालवतात, ही दोन भाऊ सांभाळून शिकली, तेव्हा मला वाटलं तुम्ही बाबू नाही, त्या मुलींचे कुणी काका असाल.

पण हे सगळं नाही. मला ज्याबद्दल लिहायचं होतं ते वेगळंच.

आईच्या माहेरच्या आडनावात ळ आहे. इंदूरात ळ असणं काय असतं ते आमच्यासारख्यांनाच ठाऊक. काळे असाल तर काले होता, जोगळेकर असाल तर जोगलेकर, गोखले-फडके तेवढे सुखी. शाळेत, रेशनवर, बँकेत, मतदार यादीत, सगळीकडे ल. आम्ही दुरुस्त करणं केव्हाच सोडून दिलं. आणि आम्ही कोण, ज्यांच्या नावावर हे शहर उभं आहे त्या होळकरांचंच होलकर झालं. उषाराजे ट्रस्टच्या क्रिकेट मैदानाला 2010 मध्ये होळकरांचं नाव दिलं, चांगलं केलं, पण पाटीवर ल. अहिल्यामाई पण होलकर. तक्रार नाही, सवय आहे.

तर तुम्ही रजिस्टर समोर ठेवून कॉम्प्युटरवर सर्टिफिकेट टाईप करत होतात. आईच्या आडनावापाशी थांबलात. चष्मा वर केलात, रजिस्टरवर वाकलात आणि विचारलंत, अम्माजी, ये ल तो नहीं है. ये वो मराठी वाला ळ है ना?

81 वर्षांच्या माझ्या आईला टेबलाच्या पलीकडून हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. ती म्हणाली रहने दो बेटा, ल चालतो. तुम्ही म्हणालात क्यों रहने दें, रजिस्टर में ळ है तो ळ ही जाएगा. मग कीबोर्डवर ळ सापडेना. दहा मिनिटं शोधलात, कुणाला तरी फोन लावलात, त्यालाही माहीत नव्हतं. मग कॉम्प्युटर बंद करून कोरा फॉर्म काढलात, हातानं लिहितो म्हणालात. आणि लिहायच्या आधी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आईकडून ळ काढून घेतलात आणि त्याच्याखाली स्वतः गिरवलात. पहिला डमरूसारखा आला, दुसरा आडवा पडला. आई म्हणाली नाही, दोन्ही गाठी सारख्या आल्या पाहिजेत. तुम्ही सहा ळ काढलेत, मी मोजले. ज्या शाळेत ती शिकली तिच्याच ऑफिसात बसून आई तुम्हाला अक्षर शिकवत होती आणि तुम्ही जी अम्माजी, जी अम्माजी करत गिरवत होतात. वर म्हणालात की आमच्या मालवीत पण काळो म्हणतो आम्ही, जिभेवर आहे ळ, हातातच नाही. मग फॉर्मवर लिहिलात. इतका सुरेख ळ मी कुठल्या मराठी शाळेच्या फळ्यावर पण बघितलेला नाही.

बाहेर रिक्षात बसल्यावर आई रडली. पेन्शनसाठी नाही, पेन्शन मिळेलच याची तोवर खात्री कुठं होती.

पुढचं ॲफिडेव्हिट, नोटरी, ते सगळं सांगत बसत नाही, कुणाला वाचायचंय. जिथं पैदा कब हुईं वाला विनोद झाला होता त्याच टेबलावर तुमचा कागद ठेवला, त्यांनी उलटा-सुलटा करून बघितला आणि काही न बोलता घेतला. एवढं पुरलं मला. चांगली माणसं काही वेगळ्या मातीची नसतात, तुम्हालाही तेवढाच पगार, तेवढीच गर्मी, वरून निवडणुकीचं काम, तरी तुम्ही उठून कपाट उघडलंत. आपल्याकडे अर्धी कामं फक्त कुणी उठत नाही म्हणून अडून बसतात, नियम-बियम सगळं नंतर.

हो, जन्मतारखेचं राहिलं. रजिस्टरात 1 जुलै आहे. त्या काळी गुरुजी सगळ्यांचीच 1 जुलै टाकायचे, अर्ध्या इंदूरचा वाढदिवस एकाच दिवशी. आई खरी कोजागिरीची. म्हणते सरकारनं मला तीन महिने आधीच म्हातारी केली, पण पेन्शन पण तीन महिने आधी लागू झाली ना, मग चालतंय.

तुम्ही त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाहीत, ड्यूटीवर कुणाचं काही घेत नाही म्हणालात. ठीक आहे. पण संक्रांतीला शाळेत डबा येणार आहे, आईनं आत्तापासून सांगून ठेवलंय, आणि तो तुमच्या एकट्यासाठी नाही, पूर्ण ऑफिससाठी आहे, तेव्हा नाही म्हणता येणार नाही. गुळपोळ्या आहेत. झाकणावर कागद चिकटवून आई स्वतः नाव लिहिणार आहे, त्यात ळ दोनदा येतो, तेवढा वाचून दाखवा म्हणाली.

तुमची,
अम्माजींची मुलगी