काळा रस्सा अन् चांदीचा वर्ख

अबे बंड्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला शिव्या घातल्या असत्या, म्हणून लिहून राह्यलो. ४ जुलैला आमच्या घरी ॲल डेव्हिसचा वाढदिवस झाला. हो, तोच, ओकलंडच्या रेडर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा मालक, तुझा डोक्याचा ताप. जन्म १९२९ चा, माणूस २०११ मध्ये गेला, पण तुम्ही तिकडे अमेरिकेत त्याच दिवशी फटाके फोडता तर म्हटलं आपण इकडे रस्सा करू.

झालं असं की मागच्या महिन्यात एका सावजीत बसलो होतो, स्टीलच्या ताटात तो काळाकुट्ट रस्सा आला अन् एकदम ट्यूब पेटली, बे हे तर रेडर्सचं किट आहे! काळं अन् चंदेरी. १९६३ ला हा ३३ व्या वर्षी कोच म्हणून आला तेव्हा त्यानंच आधीचा सोनेरी काढून चांदी आणली ना. आदल्या वर्षी १४ पैकी १ मॅच जिंकलेली टीम, यानं पहिल्याच सीझनला १० काढल्या.

तर मेनू ऐक. सावजी मटण, नॉनव्हेज न खाणाऱ्यांसाठी त्याच मसाल्यात पाटवडी, कारळाची चटणी, अख्ख्या काळ्या उडदाची डाळ, पांढरा भात (डेव्हिस पांढरा ट्रॅकसूट घालायचा म्हणून, असं मी सांगितलं, खरं तर भात करावाच लागतो), अन् शेवटी संत्रा बर्फीवर चांदीचा वर्ख. मसाला इतवारीतून आणला. रंग अजून काळा पाहिजे म्हणून खोबरं भाजता भाजता जरा जास्तच भाजलं, घरभर धूर, आई खोकत खोकत म्हणे "कोणाचा वाढदिवस आहे, कोळसेवाल्याचा का?"

पण खरी वाट लावली वर्खानं. कागद उचलला की तो पंख्याच्या वाऱ्यानं उडते, बोटाले चिकटते, बर्फीवर काही बसत नाही. शेवटी पंखा बंद केला. जुलैचा नागपूरचा उकाडा, बाहेर पाऊस, आत सगळे घामाघूम अन् मी श्वास रोखून बर्फीवर चांदी चिकटवून राह्यलो. अर्धी माझ्या नाकावर.

जेवताना मेहुणा सुरू झाला, मालकाचं काय एवढं बे, मालक म्हणजे चेक फाडणारा. मी म्हटलं हा तसा नव्हता, कोच होता, १९६६ ला एएफएलचा, म्हणजे रेडर्स तेव्हा खेळायचे त्या लीगचा, कमिशनर होता, खेळाडू स्वतः हेरायचा. तुझी बाजूही सांगितली हं, उगाच बोंबलू नको. नंतर आपल्याच लीगवर, एनएफएलवर, केस ठोकली, १९८२ मध्ये टीम उचलून लॉस एंजेलिसले नेली अन् १९९५ ला परत ओकलंडले आणली. आईनं हे सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे पोरगं भांडून घर सोडून गेलं, तेरा वर्षांनी सामानासकट परत आलं, अन् लोकायनं घेतलं?" घेतलं ना. तू पण त्यातलाच. म्हणून तर २०२० ला डेव्हिसच्या पोराने टीम लास वेगासले नेली तेव्हा तू बापाले शिव्या देत होता.

अन् ओकलंडवाल्यांशी तो वाईटच वागला, ते मी मानतो. पण त्याच माणसानं १९६३ मध्ये अलाबामात गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवतात म्हणून तिथली मॅच खेळायले नाही म्हटलं अन् ती ओकलंडले आणली. १९७९ ला लॅटिनो टॉम फ्लोरेस, १९८९ ला काळा आर्ट शेल हेड कोच, १९९७ ला एक बाई, एमी ट्रास्क, टीमची सीईओ, बाकीचे मालक तेव्हा कुठे होते सांग. नंतर शेलले काढलं, परत आणलं, परत काढलं, ते सोड. असा माणूस घरी राह्यला तर जीव नकोसा करीन, पण वर्षातून एक दिवस जेवू घालायले काय जाते?

पानं अकरा मांडली होती. मावसभाऊ पावसात अडकला, आला नाही, आईनं त्याचं ताट उचललं. अन् मले एकदम तुझा फ्लॅट आठवला, डेव्हिस गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशीची ह्यूस्टनची मॅच, २५-२०, शेवटच्या बॉलवर आपल्या मायकल हफनं समोरच्यांचा पास मधेच पकडला अन् नंतर कळलं की मैदानात आपले अकराच्या जागी दहाच होते. तू रडला होता, अजून नाही म्हणते. मी सगळ्यायले ते सांगितलं अन् म्हटलं, आई, ठेव ते ताट, अकरावा बसला आहे.

मले वाटलं आई चिडीन, पितर जेवू घालून राह्यला का म्हणून. तिनं ताट परत मांडलं, दोन डाव रस्सा वाढला, मग थांबून लिंबाची फोड ठेवली. म्हणे, "बाहेरचा माणूस आहे, झेपायचं नाही त्याले."

उत्तर लिही, शिव्या चालतील.

तुझाच