हवा भरून देणाऱ्या ताईला, जाहीर आभार

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानायला आलो तर "बरं बरं, आधी गॉगल घाल" म्हणून पिटाळणार हे मला पक्कं माहितीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता कशी पिटाळतेस बघू. पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, खेळायला लागलं की मार्कर (गोळ्या झाडायची बंदूक) कुठला घ्यावा, मास्क कुठला चांगला यावर सल्ले द्यायला शंभर जण येतात, गोळी ढकलणाऱ्या हवेच्या टाकीचं मात्र "घे रे कुठलीही, हवाच तर भरायचीये" एवढ्यावर उरकतात. तू एकटी होतीस जिने मला उलट विचारलं की भरणार कुठे ते आधी सांग, मग कुठली घ्यायची ते सांगते. मला तेव्हा वाटलं तू टाळतीयेस. पण नंतर जे जे समजत गेलं ते सगळं या एका प्रश्नातूनच निघत गेलं, त्यामुळे पहिले आभार त्या प्रश्नाचे.

माझ्या यादीत दोनच नावं होती, ४८/३००० आणि ६८/४५००, आणि हे आकडे म्हणजे काय तेसुद्धा तूच समजावलंस. पहिला आकडा आतली जागा, क्युबिक इंचात, दुसरा जास्तीत जास्त किती प्रेशर भरायचं ते, पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पौंड दाब. ४८ म्हणजे पाऊण लिटरच्या जरा वर, ६८ म्हणजे लिटरच्या जरा वर. अ‍ॅल्युमिनियमच्या ४८/३००० मधून साधारण साडेचारशे-पाचशे शॉट्स निघतात, कार्बन फायबरच्या ६८/४५०० मधून हजाराच्या वर, बाकी तुझा मार्कर किती हवा पितो त्यावर. आता कोणीही म्हणेल मोठी घे. तू म्हणालीस थांब, तू जिथे भरणार तिथे ४५०० पर्यंत भरून देतात का? काही ठिकाणी ३००० च्या पुढे सोयच नसते, मग ४५०० ची टाकी घेऊनही ती भरणार ३००० पर्यंतच. आणि मग तूच हिशोब उलटा फिरवलास, की तरीसुद्धा ६८ ची टाकी ३००० पर्यंत भरली तर ४८ च्या जवळजवळ दीडपट हवा मावते, वर वजनाला ती हलकी, म्हणजे अगदीच वाया नाही. पण पैसे तू ४५०० चे मोजणार, तेव्हा ते डोळे उघडे ठेवून मोज. असं सरळ बोलणारं माणूस मला या खेळात दुसरं भेटलेलं नाही.

अ‍ॅल्युमिनियमला तू कमी लेखलं नाहीस हेही सांगायला हवं, कारण कार्बन फायबरवाले जरा नाक मुरडतात. अ‍ॅल्युमिनियमची टाकी स्वस्त असते, आपटली धोपटली तरी फारसं बिघडत नाही, आणि टेस्ट पास होत राहिली तर वर्षानुवर्षं चालते. कार्बन फायबरच्या बहुतेक टाक्यांचं आयुष्यच १५ वर्षं धरलेलं असतं, मग ती कपाटात नुसती ठेवलेली का असेना. महिन्यातून एखाद्या वेळी खेळणाऱ्याने कशाला उगाच.

सीओटूचा, म्हणजे हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरायचा, विषय मीच काढला होता, कारण ती बाटली फारच स्वस्त पडत होती. तू हसली नाहीस, नीट सांगितलंस. सीओटू बाटलीत द्रवरूपात असतो आणि त्याचं प्रेशर तापमान ठरवतं, २० अंशाला साधारण ८३० पीएसआय, गार पडलं की खाली, तापलं की वर. भराभर गोळ्या झाडल्या की बाटली स्वतःच गार पडते आणि गोळीचा वेग घसरतो, आणि बाटली उलटीपालटी झाली की द्रव आत मार्करमध्ये जाऊन सील आणि सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) वाट लावतो. हवेच्या टाकीत हवा हवाच राहते, आणि तोंडावरचा रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग, आत ४५०० असो की १५००, बाहेर ८००-८५० च्या आसपासच सोडतो, काही मॉडेल ४५० वाली पण असतात. म्हणून क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) एकदा वेग लावला की तो तिथेच टिकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे तू दोनदा बजावलंस, सीओटूची बाटली १८०० पीएसआयची असते, तिच्यात ३००० ची हवा भरायचा विचारही करायचा नाही, ती दिसायला सारखीच असली तरी. (त्या दिवशी तू पहिल्या खेळाचं पण सांगितलंस, २७ जून १९८१, न्यू हॅम्पशायरमधलं हेनिकर, झाडांवर नि गुरांवर खुणा करायच्या नेलस्पॉट पिस्तुलात १२ ग्रॅमची सीओटूची कुपी घालून सगळे रानात घुसले, आणि जो जिंकला त्याने म्हणे एकही गोळी झाडली नाही. त्याला काय, टाकीचा प्रश्नच नव्हता.)

आता जुन्या टाकीबद्दल. मला एक जण वापरलेली कार्बन फायबरची देत होता, मी फोटो दाखवला, तू म्हणालीस मला टाकी नको दाखवू, लेबल दाखव. लेबलवर बनवल्याची तारीख असते, पहिली हायड्रो टेस्ट (पाण्याचा दाब देऊन केलेली टाकीची तपासणी) कधीची तेही कळतं, पुढच्या टेस्टचे शिक्के असतात. अ‍ॅल्युमिनियमला दर ५ वर्षांनी हायड्रो लागते, कार्बन फायबरमध्ये काहींना ५, काहींना ३, ते लेबलवर ज्या परवान्याचा नंबर असतो त्यावरून ठरतं. ती टाकी निघाली बाराव्या वर्षातली आणि टेस्टची मुदत उलटलेली. म्हणजे टेस्टचा खर्च करायचा, टाकी पाठवायची, वाट बघायची, आणि हातात उरणार जेमतेम तीन वर्षं. शिवाय तिच्यावर एका ठिकाणी खरवड होती, नुसती वरच्या पारदर्शक थराची असती तर चाललं असतं, पण धागे तुटलेले दिसले की विषय संपला म्हणालीस. आणि एक गोष्ट जी मी आजवर कुठेच वाचली नव्हती, की अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला कोणी हौसेने भट्टीत भाजून रंग दिला असेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण उष्णतेने त्या धातूचा कस जातो आणि वरून ते दिसत पण नाही. मी त्या माणसाला नम्रपणे नको कळवलं.

भरायचं तू ज्या पद्धतीने शिकवलंस त्याबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. बाकीचे लोक होज (हवेची नळी) लावतात, नॉब फिरवतात, गेजचा काटा फर्रकन वर जातो, झालं. तू आधी गॉगल, मग निपल, म्हणजे टाकीवरची हवा भरायची जागा, पुसायचा, धुळीचा कण आत गेला की आतली झडप नीट बसत नाही आणि टाकी तिथूनच फुसफुसायला लागते. मग कपलर (होजच्या टोकाची जोडणी) ओढून बसला का बघायचं, मग हळू, अगदी हळू. मी विचारलं एवढं सावकाश का, तर तू माझा हात टाकीला लावलास, ती कोमट झाली होती. हवा दाबली की तापते, घाईने भरली की जास्त तापते, गेजवर ४५०० दिसतं आणि मैदानापर्यंत चालत जाईपर्यंत गार होऊन काटा ४००० च्या आसपास येतो. "गरम टाकीचा आकडा म्हणजे उधारीचा पैसा", हे तुझं वाक्य मी आता सगळ्यांना माझंच म्हणून ऐकवतो, माफ कर. भरून झालं की होजमधलं प्रेशर सोडायचं आणि मगच कपलर काढायचा, नाहीतर तो निघतच नाही आणि लोक पकड घेऊन मागे लागतात.

आणि तेल. निपल जरा अडकतंय म्हणून एका मुलाने डबीतलं तेल काढलं होतं आणि तू ज्या आवाजात "ए" म्हणालीस तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. नंतर शांतपणे सांगितलंस, की एवढ्या दाबाची हवा झटक्यात आत शिरली की तिथे इतकी उष्णता तयार होते की साधं पेट्रोलियमचं तेल पेट घेऊ शकतं, डिझेल इंजिनात होतं तसंच, फक्त इथे ते तुमच्या हातात होतं. म्हणून भरायच्या बाजूला तेल नाही, ग्रीस नाही, काही नाही. आणि शुद्ध ऑक्सिजन तर कोणी फुकट देतो म्हटलं तरी नाही.

बर्स्ट डिस्क, म्हणजे दाब फार वाढला की आधी स्वतः फुटून हवा सोडणाऱ्या चकत्या, पण तूच दाखवल्यास. रेग्युलेटरवर दोन छोटे पितळी बोल्ट असतात, मला तर ते शोभेचेच वाटायचे. एक टाकीच्या बाजूचा, ३००० च्या टाकीला ५००० ला फुटणारा, ४५०० च्या टाकीला ७५०० चा, आणि दुसरा बाहेरच्या बाजूचा, १८०० चा, रेग्युलेटरने दगा दिला तर मार्कर वाचावा म्हणून. फुटला की आवाजाने काळजाचा ठोका चुकतो पण टाकी फुटण्यापेक्षा हे परवडलं. बदलताना टाकी पूर्ण रिकामी हवी आणि डिस्क त्याच आकड्याची हवी, जास्त ताकदीची टाकून "आता नाही फुटणार" म्हणणाऱ्यांपासून लांब उभं राहायचं. हे शब्द तुझेच.

नेलपॉलिशचं ऐकून मी आधी हसलो होतो. बाटलीच्या मानेवर आणि रेग्युलेटरवर मिळून एक सरळ रेघ ओढायची, बस. मार्करमधून टाकी काढताना आपण समजतो की टाकी मार्करमधून सुटतीये, पण कधीकधी रेग्युलेटर मार्करमध्येच घट्ट अडकतो आणि बाटली रेग्युलेटरमधून सुटायला लागते, आणि आत हजारो पीएसआय असताना ती पूर्ण सुटली तर ती बाटली कुठे जाईल आणि कोणाला लागेल काही सांगता येत नाही. अशा अपघातात माणसं गेलेली आहेत. रेघ तुटलेली दिसली की थांबायचं, हात काढायचा, जाणत्या माणसाला बोलवायचं. आणि टाकी काढताना पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतरही सूं आवाज थांबत नसेल तर जोर लावायचा नाही, परत आवळायची. माझ्या टाकीवर आता लालभडक रेघ आहे आणि टीममधले चिडवतात, चिडवू देत.

ज्या दिवशी तू त्या जुन्या खेळाडूची टाकी भरायला नकार दिलास तो दिवस मला सगळ्यात जास्त लक्षात आहे. हायड्रोची तारीख उलटून काहीच महिने झाले होते, तो म्हणाला वर्षानुवर्षं हीच वापरतोय, गेल्या आठवड्यात दुसरीकडे भरून दिली, तुलाच काय प्रॉब्लेम. मागे रांग लागलेली, सगळे बघतायत, मॅच सुरू व्हायला आलेली. तू आवाज चढवला नाहीस, फक्त म्हणालीस की भरताना मी तिच्या शेजारी उभी असते, तू नसतोस, आणि कपाटातून तुझी स्वतःची टाकी काढून त्याला दिवसभरासाठी दिलीस. तो धन्यवादही न म्हणता गेला. तुला त्याचं काही वाटलं नाही बहुतेक, मला वाटलं, म्हणून त्याच्या वाटचे पण मीच म्हणतो.

घरी भरायच्या माझ्या खुळाला तू ज्या सबुरीने उत्तरं दिलीस त्याला तोड नाही. गॅरेजचा कॉम्प्रेसर १२०-१५० पीएसआयचा, तो टायरसाठी, इथे त्याचा उपयोग शून्य. हातपंप असतो, तीन टप्प्यांचा, ४५०० पर्यंत जातो पण तिथवर आपण जात नाही, आणि दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं ते टाकीत जाऊन आतून गंज धरतं, कार्बन फायबरच्या आत पण अ‍ॅल्युमिनियमच असतं. राहिली स्कुबाची, म्हणजे पाण्याखाली पोहणाऱ्यांची, टाकी. तू कागदावर आकडेमोड करून दाखवलीस, ११ लिटरची भरलेली ३००० ची स्कुबा टाकी, तिच्यातून ६८ ची रिकामी टाकी भरली की दोन्ही साधारण २७०० वर येऊन थांबतात, पुढच्या वेळी पुन्हा रिकामी आणली तर २५०० च्या जवळ, आणि असंच खाली खाली. दोन स्कुबा असतील तर आधी कमी प्रेशरवाली लावायची, मग जास्तवाली, म्हणजे भरलेली जास्त दिवस पुरते. तो कागद मी जपून ठेवलाय, स्कुबा अजून घेतलेली नाही.

बाकी बारीकसारीक बरंच आहे, टाकीच्या तोंडाची ०१५ नंबरची ओ-रिंग (गळती थांबवणारं गोल कडं) काळ्या रबराची न घेता युरेथेनची घ्यायची, खिशात चार सुट्या ठेवायच्या, घरी ठेवताना टाकी पूर्ण रिकामी न करता थोडं प्रेशर ठेवायचं, उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही, गळती शोधायला साबणाचं पाणी. हे सगळं मी आता न विचारता करतो.

तर ताई, मनापासून आभार, आणि आता एक प्रश्न, याचं उत्तर मात्र तुला द्यावंच लागेल. दुसरी टाकी घ्यायचं मनात आहे, पुढच्या फळीत खेळताना ६८ जरा लांब पडते, खांद्याला नीट बसत नाही, म्हणून ४५/४५०० बघतोय. भरणार तुझ्याकडेच, ४५०० पर्यंत. ४८/३००० पेक्षा हवा जास्त, वजन कमी, पण दोन मॅचच्या मध्ये तुझ्या रांगेत उभं राहावं लागेल असा माझा अंदाज आहे. घेऊ का?

तुझा,
लाल रेघवाला