गव्हर्नर साहेब, आमची मॅच कुठे गेली?

मा. गव्हर्नर साहेब,

स.न.वि.वि. इंग्रजीत तीन ईमेल केल्या, तिन्हीला मशीनचं थँक्यू आलं. म्हणून आता मराठीत, निदान आपली माणसं तरी वाचतील.

इलेक्शनआधी गावात येऊन तुम्ही शब्द दिला होतात की कॉन्फरन्सचं (म्हणजे कॉलेज टीमच्या लीगचं) काहीही होवो, शेजारच्या राज्याच्या युनिव्हर्सिटीशी आपल्या युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉलची मॅच दरवर्षी होणार. २०२६ चं शेड्यूल बघितलं, मॅच नाहीये. माझं ४२ खोल्यांचं मोटेल आहे (हो, मोटेलवाला असून पटेल नाही, सांगलीचा आहे), त्या एका वीकेंडला दोन रात्री फुल्ल, रेट डबल, त्यात हिवाळ्याचं हीटिंग बिल निघायचं. समोरच्या टीमची माणसं तीन तास गाडी चालवून यायची, बायको पार्किंगमध्ये वडे तळायची, रांग लागायची. आता आमच्या कॉन्फरन्समध्ये आलंय कोण, तर नॉर्दर्न इलिनॉय युनिव्हर्सिटी. आणि कॉन्फरन्सचं नाव माउंटन वेस्ट! इलिनॉयमध्ये माउंटन कुठाय ते मी अजून मॅपवर शोधतोय.

२०२३ ला मोठ्या कॉन्फरन्सनी पॅक-१२ ही कॉन्फरन्स फस्त केली, तिच्यात वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट या दोनच टीम उरल्या, तेव्हा आम्हालाच कळवळा आला, माउंटन वेस्टने त्यांना खेळायला मॅचेस दिल्या. वर्षाच्या आत त्यांनी आमच्याच टीम उचलायला सुरुवात केली, बॉईसी स्टेटसकट पाच, त्यातच आमच्या समोरची टीमही गेली! टीम पळवली तर दंड असं करारात होतं, साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास जात होता, तर म्हणे दंडच बेकायदेशीर, गेले कोर्टात. मग आम्ही काय केलं, कॉन्फरन्स यूएसए नावाच्या छोट्या कॉन्फरन्समधून टेक्सास-एल पासोची टीम उचलली. म्हणजे आम्ही पण त्यातलेच.

बिग टेन कॉन्फरन्समध्ये १८ टीम, बिग १२ मध्ये १६, कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, सगळं टीव्हीच्या पैशासाठी. प्लेऑफच्या (चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या मॅचेसच्या) नव्या करारात ५८ टक्के पैसा दोनच कॉन्फरन्स नेणार, छोट्या सगळ्यांना मिळून ९ टक्के, त्यावर पुन्हा भाषणं की ग्रामीण भाग आमचा कणा आहे. आमच्याकडचा डिलिव्हरी वॉर्ड बंद झाला तेव्हाही परवडत नाही म्हणाले, विमान बंद झालं तेव्हाही तेच, आणि हे ठरवणारा माणूस इथे एक रात्र पण राहिलेला नसतो.

युनिव्हर्सिटी सरकारी आहे, ट्रस्टी तुम्ही नेमता, दोन गव्हर्नरांनी फोन उचलून वर्षाला एक मॅच ठरवायला काय लागतं हो?

एरवी मॅच असायची त्या शनिवारच्या सहा खोल्या बुक आहेत सध्या. तुम्हाला हवी तर एक ठेवतो, रेट डबल नाही लावणार.