हँडक्रीम फक्त सौंदर्याच्या पानावर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत थंडीत हात आणि ओठ कसे जपायचे यावर पानभर लेख आला होता तो वाचला, आणि तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते. लेख वाईट नव्हता, पण फोटोत नेलपेंट लावलेले मऊ हात, खाली महागड्या ट्यूबांची नावं, आणि ज्यांचे हात खरंच फुटतात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. मी मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, सासर तासगाव बाजूला द्राक्षाच्या पट्ट्यात. म्हणजे दिवसभर माझे हात साबण-सॅनिटायझरमध्ये, आणि घरी आल्यावर जाऊबाईंचे हात समोर, जे छाटणीपासून माल उतरेपर्यंत बागेत असतात. आमच्याकडे हँडक्रीम ही हौस नाहीये, साहेब. बोटाच्या पेरावर भेग पडलेली असताना भाकरी थापायची म्हणजे काय होतं ते ज्याला माहितीय त्यालाच माहितीय.

मी आतापर्यंत बरीच क्रीमं लावून बघितलीत, ट्यूबवाली, डबीवाली, मैत्रिणीनं दिलेली, मेडिकलवाल्यानं गळ्यात मारलेली, त्यावरून जे मत झालंय ते सांगते. वासाची क्रीमं माझ्या हाताला चालत नाहीत. लावताना बरं वाटतं, पण कातडी आधीच चिरलेली असली की वासातल्या केमिकलनं चरचरतं आणि दुसऱ्या दिवशी लालसर पुरळ. लोण्यासारखी दाट असतात ती रात्री छान, पण ड्यूटीवर नको, पेन सटकतं, केसपेपरवर तेलाचे डाग. शिवाय लेटेक्सचे हातमोजे घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं की व्हॅसलिन किंवा तेलकट क्रीमनं ते रबर कमजोर होतं, म्हणून ड्यूटीवर पाण्यात मिसळणारं, ग्लिसरीनवालं क्रीम आणि घरी आल्यावर व्हॅसलिन, असं मी वाटून घेतलंय. युरियावालं क्रीम (१० टक्के वगैरे लिहिलेलं असतं) टाचेला आणि तळहाताच्या जाड झालेल्या घट्ट्याला फार चांगलं, कातडी मऊ पडते, पण उघड्या भेगेवर लावलं तर डोळ्यातून पाणी येईल इतकं झोंबतं. आधी भेग साध्या व्हॅसलिननं भरू द्यायची, मग ते.

ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं आणि व्हॅसलिन ते पाणी उडून जाऊ देत नाही, निम्मं काम एवढ्यातच आलं. आपल्या तळहाताला तेलाच्या ग्रंथीच नसतात, घामाच्या असतात फक्त, त्यामुळे साबणानं जे थोडंफार स्निग्ध असतं ते गेलं की आतून लवकर भरून येत नाही. म्हणून हात धुतल्यावर कोरडे ठणठणीत पुसून मग क्रीम लावण्यापेक्षा किंचित ओलसर असतानाच लावलेलं कितीतरी जास्त लागू पडतं. हे आमच्या सिनिअर सिस्टरनी मला शिकवलं आणि मी नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. आणि कडकडीत गरम पाण्यानं हात धुणं बंद, थंडीत ते बरं वाटतं पण कातडी अजून सुकते.

सॅनिटायझरबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे. खरं तर साबणानं सारखं सारखं धुण्यापेक्षा चांगलं सॅनिटायझर हाताला कमी कोरडं करतं, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्यातच १.४५ टक्के ग्लिसरॉल घातलेलं आहे, ते हातासाठीच. झोंबतं ते आधीच हात फुटलेले असतात म्हणून. अर्थात हात दिसायला मळलेला असेल तर साबण-पाणीच हवं.

आता ब्रँडचं. आमच्या घरात सासूबाईंच्या कपाटात बोरोलीनची हिरवी ट्यूब कायम असते. १९२९ पासून कलकत्त्याची कंपनी ते बनवतेय, त्यात झिंक ऑक्साइड, बोरिक ॲसिड आणि लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणासारखा स्निग्ध पदार्थ) असतं, चिकट आहे, वास आवडेल त्याला आवडेल, पण रात्री बोटाच्या चिरेत भरून झोपलं की सकाळी फरक दिसतो. व्हॅसलिनचं पेटंट तर १८७२ चं, रॉबर्ट चेसब्रो नावाच्या अमेरिकन माणसानं घेतलेलं, आणि इतक्या वर्षांनी सुद्धा कातडीतलं पाणी अडवायला त्याच्या तोडीचं फार थोडं सापडतं. हे मी कुणाची जाहिरात म्हणून लिहीत नाही, साधी पेट्रोलियम जेली कुठल्याही कंपनीची घ्या. पाकिटाच्या मागं घटक लिहिलेले असतात, जे जास्त असतं ते आधी लिहितात, तिथं पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन किंवा पेट्रोलेटम (म्हणजे पेट्रोलियम जेलीच) दिसलं की बास. बदाम, केशर, मध यांचं चित्र पुढच्या बाजूला मोठं असतं, आणि मागं शोधायला गेलं की ते पार शेवटी.

आणि कोकमतेल राहिलंच. रत्नागिरीकडची पाहुणी मंडळी आली की कोकमतेलाचा पांढरट गोळा घेऊन येतात, थंडीत तो दगडासारखा घट्ट असतो, चमच्यात थोडा खरवडून दिव्यावर धरायचा, पातळ झाला की कोमट असतानाच टाचेच्या भेगेत सोडायचा. ओठाला मात्र गरम करायची गरज नाही, नुसतं बोट घासलं तरी अंगाच्या उबेनं सुटतं. वास नाही, रंग नाही, झोंबत नाही. मला विचाराल तर ओठासाठी माझ्या मते हेच एक नंबर.

ओठांबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते असं मला वाटतं. ओठाची कातडी पातळ, तेलाच्या ग्रंथी तिथंही नाहीत, त्यामुळे थंडी-वारं सुरू झालं की सगळ्यात आधी ओठ उलतात. मग माणूस काय करतो तर जीभ फिरवतो, थुंकी वाळताना असलेला ओलावा पण घेऊन जाते आणि अजून उलतात. आता स्ट्रॉबेरी, चॉकलेट असल्या चवीचे लिपबाम पोरींना घेऊन देतात, चव आहे म्हणून पोरगी दिवसभर ओठ चाटत बसते. माझ्या पुतणीच्या ओठाभोवती लाल कडं उठलं होतं, चवीचा बाम बंद करून साधं व्हॅसलिन लावायला लागली तेव्हा ते गेलं. मेंथॉल-कापूरवाले जे गार-गार लागतात ते उललेल्या ओठाला नकोच. मॅट लिपस्टिक लग्नाकार्यात लावायची असेल तर आधी बाम लावून थोडा वेळ थांबा, रात्री न विसरता पुसा, आणि सालपट निघालंय म्हणून ते ओढू नका, रक्त येतं. शेतात उन्हात काम करणाऱ्या बायांनी एसपीएफवाला, म्हणजे ऊन अडवणारा लिपबाम लावला तर फायदा आहे, खालच्या ओठावर ऊन थेट पडतं. डबीतलं व्हॅसलिन घरात सगळ्यांनी एकाच डबीत बोट घालून वापरू नये, ओठावर तापाचे फोड आलेले असतील तर अजिबात नाही.

बाम लावून न जाणाऱ्या गोष्टी पण आहेत. तोंडाचे कोपरे सारखे चिरत असतील तर ते बऱ्याचदा लोह किंवा बी व्हिटॅमिन कमी असल्यामुळे किंवा बुरशीमुळे असतं. आणि मिश्री, तंबाखू असलेल्या माणसाच्या ओठावरची जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर क्रीम बदलत बसू नका, डॉक्टरला दाखवा. मिश्रीवाल्या कितीतरी मावशी आमच्याकडे फार उशिरा येतात हो.

आता ज्याच्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की काडीच्या डोळ्याला (जिथून कोंब फुटतो तिथं) पेस्ट लावतात, त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. हे औषध कातडीला जाळणारं आहे, आणि ते अंगावर गेलेल्या माणसानं त्या दिवसांत दारू प्यायली तर छातीत धडधड, तोंड लाल, उलट्या असा त्रास होतो. तरी कितीतरी बागांत बाया नुसत्या फडक्यानं पेस्ट लावतात, आधी हाताला खोबरेल चोळून घेतात आणि समजतात की झालं. पुढं डिपिंगला घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं, थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, कात्री दिवसभर बोटात, अंगठ्याच्या मुळाशी सालटं निघालेली. ताई, कोणतं क्रीम लावू, असं मला बाया विचारतात तेव्हा मी आधी हातमोजे सांगते, कारण तेल, व्हॅसलिन, क्रीम, यातलं काहीही औषधाला अडवत नाही. नायट्राईलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे हातमोजे घ्या, फाटलेला लगेच टाका, काढायच्या आधी वरून धुवा. संध्याकाळी हात धुऊन ओलसर असतानाच जाड व्हॅसलिन आणि त्यावर जुने सुती मोजे घालून झोपा. जाऊबाई आता असंच करतात, गेल्या सीझनला त्यांच्या हातातून रक्त आलं नाही.

बागायतदार औषधावर, मजुरीवर, पॅकिंगवर इतका खर्च करतात, मजुरांची टोळी ठरवतानाच हातमोजे आणि व्हॅसलिनची मोठी डबी त्यांनी हिशेबात धरली तर त्यांना काही जड नाही. सरकारला पण सांगावंसं वाटतं, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले त्यात टाल्कम पावडर, फेस पावडर, शाम्पू, केसाचं तेल ५ टक्क्यांवर आलं, हाताचं क्रीम आणि लिपबाम मात्र १८ टक्क्यांतच ठेवले. तोंडाला पावडर लावण्यापेक्षा फुटलेला हात भरणं मागं का?

तुम्हाला विनंती एवढीच की छाटणी सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरातच, शेतीच्या पानावर पेस्टिंग आणि हाताची काळजी यावर एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे मी ते कापून आमच्या गावातल्या टोळीच्या गाडीत चिकटवीन.

आपली नियमित वाचक,
एक नर्स, मिरज (जि. सांगली)