बाबा, दोष तुमच्या लिखाणाचा नव्हता

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा सोलापूरहून निघालेली हुतात्मा एक्सप्रेस वेळेवर पोचली. आई, कडक भाकऱ्या एकही न मोडता आल्या. शेंगा चटणीतली अर्धी बरणी ऑफिसात संपली, उरलेली लपवून ठेवली आहे.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवरचं बोलणं हवेत विरतं, आणि बाबा, तुम्हाला कागदावरचं लागतं. म्हणून मोठ्या अक्षरांत छापून पाठवते आहे. टेबलाच्या काचेखाली ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री तुम्ही कॅलेंडरच्या जुन्या पानामागे प्रश्न लिहून दिलेत. एकूण १४. चौदावा खोडलेला होता, तरी वाचता येत होता: "माझं लिहिणं कुणाला नकोच असेल का?" गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत मी त्या एका ओळीकडेच बघत होते. आधी त्याचंच उत्तर देते.

नाही बाबा, तसं नाही. तुमचं लिहिणं कुणी नाकारलेलं नाही, ते कुणापर्यंत पोचलंच नव्हतं.

तुमची वेबसाइट ज्यांनी करून दिली, त्यांनी ती वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बांधायच्या एका तयार साधनावर, बांधली. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'रीडिंग' नावाचं एक पान असतं. त्यात तळाशी एक छोटा चौकोन आहे. त्यात बरोबरची खूण केली की गूगलसारख्या शोधयंत्रांना निरोप जातो, ही साइट तुमच्या यादीत घेऊ नका. बांधकाम चालू असताना ही खूण करून ठेवतात, अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून. काम संपलं की ती काढायची असते. तुमच्या साइटवर ती ८ महिने तशीच होती. मी त्या रात्री तुमच्या लॅपटॉपवर ती काढली. तुम्ही तेव्हा झोपला होतात.

तुम्हीच मला लहानपणी कारखान्यात दाखवलं होतं, जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राच्या, कार्डात एक भोक चुकलं तर चूक एका जागी राहत नाही. नक्षी जितक्या वेळा फिरून येते तितक्या वेळा ती चूक कापडात उतरते, आणि मालक ओरडतो मात्र मागावरच्या माणसाला. इथंही तेच झालं. भोक कार्डात होतं आणि तुम्ही ८ महिने आपल्या हाताला दोष देत बसलात. याचं मला फार वाईट वाटलं. मी आधीच विचारायला हवं होतं.

आता तुम्हाला स्वतःला तपासता यावं म्हणून सांगते. गूगलच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'साइट' लिहायचं, त्याला लागून विसर्गासारखे दोन ठिपके, आणि मध्ये जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता. आपली जी पानं गूगलकडे नोंदलेली आहेत त्यातली बरीचशी त्याखाली येतात. त्या रात्री एकही आलं नव्हतं. मग मी 'गूगल सर्च कन्सोल'मध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सोयीत, तुमच्या नावानं खातं उघडलं (ते फुकट आहे, कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका) आणि साइटमॅप, म्हणजे आपल्या सगळ्या पानांची यादी, तिथं दिली. आता काही दिवस, कदाचित काही आठवडे लागतील. रोज उघडून बघू नका. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, चहा झाल्यावर बघा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. तुमच्या ११ लेखांपैकी ७ लेख अक्षरांत नाहीत, चित्रांत आहेत. तुम्ही वहीत लिहिता, डीटीपीवाला ते जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतो आणि पानाचा फोटो करून देतो. तो फोटो आपण वाचू शकतो, पण शोधणाऱ्याच्या हाती त्यातलं काही लागत नाही. 'धोटा' शब्द शोधणाऱ्याला तुमचा धोट्यावरचा लेख सापडणार नाही, कारण त्या पानावर 'धोटा' हा शब्द अक्षरांत कुठंच नाही, फक्त त्याचं चित्र आहे.

तुम्ही विचारलंत, टाईप केलेला मजकूर सरळ चिकटवला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी का होते? जुन्या मराठी फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजीचेच संकेत साठवलेले असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तिथं मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसं होत नाही. तिथं देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा ०९१५. सोलापूरच्या फोनवर आणि सातासमुद्रापारच्या फोनवरही तो 'क'च राहतो. डीटीपीवाल्याला एवढंच सांगा, "मजकूर युनिकोडमध्ये रूपांतर करून द्या, फोटो नको." जुन्या फाइली त्याच्याकडे असतील तर रूपांतराला फारसा वेळ लागत नाही, फक्त नंतर जोडाक्षरं नजरेखालून घालावी लागतात.

पुढच्या लेखांसाठी त्याच्याकडे जायचीच गरज नाही. तुमच्या फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह आहे. भाषा मराठी ठेवा, चिन्ह दाबा आणि मला सांगता तसं बोला. आपण करून बघितलं तेव्हा 'धोटा'चं 'छोटा' झालं आणि 'कांड्या'चं 'कांद्या'. कारखान्यातले शब्द त्या यंत्रानं ऐकलेले नाहीत. ते हातानं दुरुस्त करा, पण गाळू नका. पूर्व भागातले तेलुगू बोलणारे कारागीर जे शब्द वापरायचे तेही कंसात लिहा. ते शब्द तुमच्या पिढीबरोबर जातील ही मला खरी भीती आहे. आई, दुरुस्तीचं काम तू करावंस. बाबांच्या अक्षरातली चूक तुझ्याशिवाय कुणाला सापडत नाही.

आता त्या १५,००० रुपयांबद्दल. "महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो" असं ज्यांनी सांगितलं, त्यांना नाही म्हणा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच लिहून ठेवलंय. शोधाच्या यादीत वर घेण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. पैसे देऊन दिसतात त्या जाहिराती, आणि त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं. असे लोक बहुतेक वेळा काय करतात, तर इकडच्यातिकडच्या रद्दी साइटवर तुमच्या पत्त्याचे दुवे पेरतात. त्यामागची कल्पना खरी आहे: १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल सुरू केलं तेव्हापासून, दुसऱ्या साइटनं आपल्याकडे दिलेला दुवा ही एक प्रकारची शिफारस धरली जाते. पण विकत घेतलेली शिफारस गूगलच्या नियमात बसत नाही, आणि ती पकडली गेली तर साइट वर जायच्या ऐवजी खाली जाते. आई, तू "आधी काम दाखवा, मग पैसे" म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलंस, फार बरं केलंस.

त्याच लोकांकडे आपली एक वस्तू अडकलीय, ती मात्र सोडवायला हवी. तुमच्या वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्यांच्या ईमेलवर नोंदलेला आहे. पैसे तुम्ही भरलेत, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे असं समजा. उद्या त्यांनी नूतनीकरण केलं नाही तर पत्ता जाईल आणि लेखांपर्यंत पोचायची वाट बंद होईल. नवं डॉट कॉम डोमेन पहिले ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, पण आपले ते दिवस केव्हाच उलटलेत. त्यांच्याकडून 'ऑथ कोड', म्हणजे डोमेन हलवायला लागणारा परवलीचा शब्द, मागायचा आणि डोमेनचं कुलूप काढायला सांगायचं. मी नम्र भाषेत मेल लिहून तुमच्या ड्राफ्टमध्ये ठेवला आहे. तुम्ही फक्त पाठवा. डोमेन आपल्या नावावर आलं की नूतनीकरणाच्या तारखेला कॅलेंडरवर लाल गोल करा. पासवर्ड निळ्या डायरीत लिहा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, माझ्या नावानं फोन आला तरीही.

लोकांना कसं कळवायचं, हा तुमचा तिसरा प्रश्न. बाबा, तुम्ही लेखांना नावं फार सुंदर देता, पण ती शोधणाऱ्याच्या उपयोगाची नाहीत. 'उभ्याआडव्या धाग्यांची सय' असं कोण शोधेल? त्याच लेखात तुम्ही सांगितलंय, की आपली चादर दोन्ही बाजूंनी पाहायची, नक्षी दोन्हीकडे असते आणि रंग उलटतात. स्टेशनवर चादर घेताना माणसाला नेमकं हेच विचारायचं असतं. लेखाचं नाव 'अस्सल सोलापुरी चादर कशी ओळखावी' ठेवा, आणि 'धाग्यांची सय' आत पहिल्या ओळीत येऊ द्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अर्थ काय हेही तिथंच साध्या शब्दांत लिहा. नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारतं ते आठवा. त्या प्रश्नाला लेखाचं नाव करा.

गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, लेखाचंही तसंच. तुम्ही तो यात्रा संपल्यावर टाकलात. बाहेरगावचे लोक भोगीच्या आधी शोधतात: अक्षता सोहळा कुठं असतो, संमती कट्ट्यावर कधी पोचायचं, नंदीध्वज कुठून जातात. लेख डिसेंबरच्या सुरुवातीलाच तयार हवा. आणि दर वर्षी नवा लेख करू नका. तेच पान, तोच पत्ता, आतल्या तारखा बदलायच्या. जुन्या पानाला मिळालेली ओळख मग टिकून राहते.

पत्त्यावरून आठवलं. लेखाचा पत्ता मराठीत राहिला तर व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची टक्केवारीच्या खुणांची लांबलचक माळ होते, आणि लोक घाबरून ती उघडत नाहीत. पत्ता इंग्रजी अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा ठेवा. आणि व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांवर रोज सकाळी तोच दुवा टाकू नका. तुमच्या जुन्या कामगार मित्रांना एकेकट्याला पाठवा आणि विचारा, "यात माझं काय चुकलं?" ते नक्की सांगतील, आणि त्यातून दोन लेख निघतील.

पैशाचं थोडक्यात सांगते. जाहिरातींतून पैसे मिळू शकतात, पण गूगल १०० डॉलर जमल्याशिवाय पाठवत नाही, आणि आपल्यासारख्या साइटला तिथवर पोचायला बराच काळ लागेल. पेन्शनला जोड म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः बोट दाबायचं नाही, मामांनाही सांगायचं नाही, खातं बंद होतं.

आई, तू विचारलंस, घरचे फोटो टाकायचे का? हातांचे, भाकरीच्या पिठाचे, तुळशीचे टाक. नातवंडांचे, दाराच्या नंबरचे नको. फोनच्या फोटोत कधीकधी जागेची माहिती लपलेली असते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं 'लोकेशन' बंद करून टाक. तू शेंगा खलबत्त्यात कुटतेस, मिक्सरला का लावत नाहीस, ते तुझ्या शब्दांत सांग, मी टाईप करीन. तेल सुटल्यावर चटणीचा रंग बदलतो तो क्षण तू मला बोट दाखवून शिकवलास. तेवढंच लिहिलंस तरी लेख होईल.

बाबा, पत्र्याच्या पेटीत मोराच्या नक्षीचा तो ग्राफपेपर अजून आहे ना? लाल पेन्सिलीनं एकेक चौकोन भरलेला, आणि कोपऱ्यात तुम्ही 'पीस इथून' असं लिहिलेलं. तो दुपारी खिडकीजवळ सपाट ठेवून सरळ वरून फोटो काढा. ऊन थेट पडू देऊ नका, सावलीही नको. 'पीस इथून' ही अक्षरं वाचता आली पाहिजेत. मग माइक दाबा आणि पहिला चौकोन का भरला इथपासून सांगायला लागा. मी गुरुवारी रात्री ९ वाजता फोन करते, तोवर जेवढं झालं असेल तेवढं वाचून दाखवा.

तुमची लेक